पाच बकऱ्यांचा प्रोबेशन पिरियड

ऑफिसात नवीन जॉइनी आला की काय होतं? आयकार्ड, इंडक्शन, कॅन्टीनची ओळख आणि मग काही महिने सगळ्यांची त्याच्यावर बारीक नजर. मागच्या मे महिन्यात वाशिम जिल्ह्यातल्या एका गावात पाच जणींचं असंच जॉइनिंग झालं. मी तिथे हजर होते. आणि त्यातल्या एकीचा जीव माझ्याच लाडापायी जाता जाता राहिला.

‘वाशिम? म्हणजे नक्की कुठे?’ हा प्रश्न पुण्यात मला हमखास विचारला जातो. तर मंडळी, हा विदर्भातला, १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. अजिंठ्याची काही लेणी ज्यांच्या काळात कोरली गेली, त्या वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आजचं वाशिम. बाकी नजर जाईल तिथवर सोयाबीन आणि तूर. आता समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. शेलूबाजारला बाहेर पडलं, की थोड्याच वेळात मामाचं गाव.

माझा मामेभाऊ चार वर्षं पुण्यात एका गोडाऊनवर सुपरवायझर होता. गेल्या वर्षी सामान बांधून परत आला. साठवलेल्या पैशातून बकऱ्या घेणार म्हणाला. मामाचा पारा चढला. “पुण्याले धाडलं, अन् आता बकऱ्या चारते!” हे वाक्य मी तिथे असताना दिवसातून तीनदा तरी ऐकलं.

पठ्ठ्यानं होमवर्क मात्र पक्का केला होता. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट मिळतो, पण त्याला आधी पाचांवर हात बसवायचा होता. इतक्यांसाठी स्वतःचा बोकडही लागत नाही, गावातला चालतो. काळ्या उस्मानाबादीचं नाव मोठं, जुळी करडं देण्यात ती प्रसिद्ध. पण यानं निवडली तांबूस-तपकिरी बेरारी. ही विदर्भाचीच, नोंदणी झालेली जात. इथलं ऊन आणि इथला पाला तिच्या अंगवळणी पडलेला.

बाजारात आम्ही गेलो ते फक्त बघायला. चार गावची जनावरं एकत्र येतात, तिथे आजारही एकत्र येतात. खरेदी झाली एका ओळखीच्या पशुपालकाच्या दारात. तिथे मी पहिल्यांदा बकरीचे दात मोजले. समोरचे दात फक्त खालच्या जबड्यात, आठ. दुधाचे पडून दोन मोठे आले की वय साधारण सव्वा वर्ष, पुढे वर्षाला दोन-दोन वाढत जातात. म्हणजे बर्थ सर्टिफिकेट तोंडातच!

ऊन उतरल्यावर ‘छोटा हत्ती’त बसून पाचही जणी घरी आल्या. मामीनं त्यांना हळद-कुंकू लावलं. कोठ्यात कोरडा मुरूम आणि चुना टाकला होता, लिंबाच्या डहाळ्या उंचावर टांगल्या होत्या, कारण बकरीला मान वर करून ओरबाडायला आवडतं. शेजाऱ्यांच्या बकऱ्यांपासून मात्र या पाच जणी एकवीस दिवस वेगळ्या. एखादा आजार सोबत आला असेल, तर तेवढ्यात तो दिसतो.

पहिली रात्र नुसता कालवा. दुसऱ्या दिवशी शिंगाला शिंग. कळपात कोण मोठी, हे ठरल्याशिवाय त्या शांत होत नाहीत. अर्धं शिंग मोडलेली एक दुपारपर्यंत टीम लीड झाली, आणि सगळ्यात लहान पाट कोपऱ्यात ढकलली गेली. डहाळीपाशी गेली की टक्कर. मला राहवलं नाही. सगळे दुपारी झोपले असताना मी तिला पायलीतले गहू घातले. वर दोन भाकरी. काय आवडीनं खाल्ले तिनं!

संध्याकाळी तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. दात करकरा वाजवत होती, धड बसत नव्हती. भावानं विचारलं, “ताई, काय खाऊ घातलं वं तिले?” मी सांगितलं. तो एक शब्द बोलला नाही. सरळ डॉक्टरांना फोन लावला. ती गेली असती तर त्याच्या भांडवलातला पाचवा हिस्सा गेला असता, आणि मामाला आयुष्यभराचा विषय मिळाला असता.

डॉक्टर नऊ वाजता मोटरसायकलवर आले. औषध दिलं, इंजेक्शन दिलं. मग मला समजावलं. बकरीच्या पोटात पाला पचवणारे सूक्ष्म जीव असतात. धान्य एकदम पडलं की ते आंबतं, आम्ल वाढतं आणि जनावर दगावू शकतं. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत, मुठी-मुठीनं. ढकलली जाते ना? मग डहाळी दोन-तीन ठिकाणी टांगा, तिला खुराक देऊ नका.

रात्री दोनदा उठून मी कोठ्याकडे गेले. दोन्ही वेळा तिथे मामा होता. खाटेवर, पाटीच्या कुशीवर हात फिरवत. पहाटे चारच्या सुमारास त्यानं हाक मारली, “ये, पाय. रवंथ करून राहिली.” मी तिथेच मटकन बसले आणि रडले.

एकवीस दिवस पार पडले. पावसाच्या तोंडावर पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसी झाल्या. आता हिशेब ऐका. गाभण काळ पाच महिने, करडं विकायची आठ-नऊ महिन्यांची झाल्यावर. म्हणजे पहिला पगार सव्वा वर्षानं! आपल्याला एक तारखेचा मेसेज दोन तारखेला आला तरी घाम फुटतो.

परवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. मोडक्या शिंगाच्या टीम लीडला जुळी झालीत. मामा अजून म्हणतो, की बकऱ्या हे काही शिकल्यासवरल्या पोराचं काम नाही. फोटोत एक करडू त्याच्याच मांडीवर आहे.

कसं जाल? समृद्धीवरून शेलूबाजार किंवा कारंजा, नाहीतर अकोला-पूर्णा मार्गावरचं वाशिम स्टेशन. वाशिमचं बालाजी मंदिर, कारंज्याचं गुरुमंदिर आणि बंजारा समाजाची काशी पोहरादेवी चुकवू नका. आणि कुणाच्या कोठ्यात गेलात, तर चपला बाहेर काढा, खिशातली बिस्किटं खिशातच ठेवा.