परक्या पेशी, परकं घर

मूत्रपिंड बदललं की रुग्णाचं शरीर नव्या अवयवावर उठतं. बोन मॅरो प्रत्यारोपणात, म्हणजे बीएमटीत, याच्या उलटही घडतं. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उठतात. हाच जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज). त्याचा रोख मुख्यतः त्वचा, आतडं आणि यकृत यांवर. पुरळ बहुधा तळहात, तळपाय, कान, मान इथे आधी दिसतं.

*

दात्याच्या पेशी शिरेत सोडण्याआधीच या दुखण्याची तयारी झालेली असते. प्रत्यारोपणापूर्वीच्या जबर केमोने किंवा रेडिएशनने आतड्याचं अस्तर सोलवटतं. तिथल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात. दुखावलेल्या पेशी सायटोकाइन सोडू लागतात: टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6. हे रेणू म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेला सांगावाच. दात्याच्या टी-पेशी येतात त्या या गदारोळात. समोरचं शरीर त्यांना परकं वाटतं, मग त्या इंटरल्यूकिन-2 बनवतात आणि भराभर वाढतात. आतडं आणखी सोलवटतं, आणखी अंश झिरपतात. हे चक्र वेळेवर तोडणं हीच उपचारातली खरी कसोटी, असं मला वाटतं.

*

‘सायटोकाइन स्टॉर्म’ हे शब्द आपल्याकडे कोविडमध्ये घरोघरी पोचले. ते आले मात्र जीव्हीएचडीवरच्या 1993 च्या एका निबंधातून. लेखक तिघे: फेरारा, अभ्यंकर आणि गिलिलँड. त्यांचं बोट रोखलेलं होतं इंटरल्यूकिन-1 वर. पुढे तेच रोखून पाहिलं. 2002 मध्ये चाचणीचा निकाल आला: जीव्हीएचडी टळला नाही. इंटरल्यूकिन-6 अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीतही, 2021 मध्ये, ठोस फायदा सिद्ध झाला नाही. एकच रेणू गुन्हेगार ठरवण्याचा मोह सोडायला हवा. एक वाट बुजवली तरी निरोप दुसरीने पोचतो.

*

नातेवाईक विचारतात, दात्याच्या या टी-पेशी पूर्ण दाबून का टाकत नाही? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर घाईत देऊ नये. ल्युकेमियाच्या उरल्यासुरल्या पेशी मारायचं कामही याच टी-पेशी करतात. त्यांना पुरतं गप्प केलं तर जंतुसंसर्ग बळावतो, मूळ आजार परतायची भीती वाढते. हे रुग्णाच्या घरच्यांना प्रत्यारोपणाआधीच, त्यांच्या भाषेत, नीट बसून सांगितलं पाहिजे.

*

भारतातलं पहिलं यशस्वी बीएमटी मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये, 1983 साली, डॉ. सुरेश अडवाणींनी केलं. रुग्ण होती नऊ वर्षांची मुलगी.

*

सख्ख्या भावंडाशी ऊतींचा प्रकार (एचएलए) पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात एकदोनच मुलं, मग दाता कुठून आणायचा? अर्धं जुळणाऱ्या आईवडिलांकडून घेता येतं, ते प्रामुख्याने एका जुन्या, स्वस्त औषधामुळे: सायक्लोफॉस्फामाइड. ते प्रत्यारोपणानंतर साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी देतात. त्याआधी रुग्णाला बऱ्याचदा सणसणीत ताप भरतो, आणि त्यामागे सायटोकाइन असू शकतात. ताप पाहून घरचे घाबरतात. संसर्ग समजून अँटिबायोटिक द्यावंच लागतं, पण स्टेरॉइड शक्यतो टाळतात, कारण सायक्लोफॉस्फामाइडचा मारा भरात वाढणाऱ्या पेशींवरच बसायला हवा.

*

जीव्हीएचडी टाळायला दिलेली टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं इंटरल्यूकिन-2 बनू देत नाहीत. रक्तातली पातळी कमी पडली तर जीव्हीएचडी डोकं वर काढतो, जास्त झाली तर मूत्रपिंडाला बाधते. म्हणून लेव्हलसाठी रक्त देईपर्यंत सकाळची गोळी घ्यायची नाही. कोकणातल्या घरांना एक सांगणं: पपनस खायचं नाही. त्याने टॅक्रोलिमसची पातळी चढते. फळ घरच्या झाडाचं असलं तरी.

*

स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या जीव्हीएचडीसाठी अमेरिकेत 2019 मध्ये रुक्सोलिटिनिबला मान्यता मिळाली. ते एखादा सायटोकाइन अडवत नाही. अनेक सायटोकाइनचे निरोप पेशीच्या आत जॅक-1 आणि जॅक-2 या प्रथिनांमार्फत पोचतात, ते त्यांनाच आवरतं. आधीच्या फसलेल्या चाचण्यांनंतर ही दिशा मला जास्त पटते.

*

जुलाब मोजावे लागतात. किती वेळा झाले एवढ्यावर भागत नाही, मापाच्या भांड्यात घेऊन मिलिलिटरमध्ये लिहायचे. मोठ्या माणसात दिवसाला पाचशेच्या वर गेले की आतड्याच्या जीव्हीएचडीच्या पायऱ्या मोजायला सुरुवात होते, दीड हजारांच्या वर म्हणजे गंभीर. रुग्णाला याची फार लाज वाटते. रात्रीचं कुणी पाहिलं नाही म्हणून तो सांगत नाही, आणि सकाळच्या राउंडला कागदावर निम्माच आकडा असतो. वॉर्डातल्या सिस्टरने आणि सोबत राहणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याला सांगावं: हा आकडा औषध ठरवतो, रात्रीचाही लिहायचा.