तूप, पावशेर

मराठीत हिमालयावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे एकाच स्वरात आहे. शुभ्र शिखरे दिसतात, लेखक स्तब्ध होतो, ‘मी’पण गळून पडते. एकेकाळी या लेखनाची मला फार ओढ होती. पुढे महाविद्यालयात प्रवासवर्णन शिकवू लागल्यावर तीच माझी मोजपट्टी झाली. त्या मोजपट्टीवर मी नापास केलेले पहिले हस्तलिखित माझ्या वडिलांचे होते.

अण्णा रेल्वेत कारकून होते. आम्ही बोरिवली पूर्वेला राहत असू. गच्चीवरून कान्हेरीचे डोंगर दिसत. आमच्या लेखी उंची म्हणजे तेवढीच. १९८४च्या मे महिन्यात अण्णा रेल्वेच्या पासावर एकटेच केदारनाथला गेले. परतल्यावर गंगाजलाचा गडू देव्हाऱ्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या लोकलने कामावर गेले. काय पाहिले, कसे वाटले, याबद्दल अवाक्षर नाही.

एम.ए.ला असताना त्यांची वही माझ्या हाती लागली. गाड्यांच्या वेळा, धर्मशाळांचे भाडे आणि मग केदारनाथ: ‘गौरीकुंड. स्नान. पाणी कढत. पहाटे निघालो. रामबाडा, चहा दोनदा. घोडा केला नाही. तूप, पावशेर. दर्शन झाले. थंडी फार. उतरताना गुडघा दुखला.’ ‘कुमारसंभवा’चा प्रारंभ हिमालयवर्णनाने होतो, हे तेव्हा मी नुकतेच शिकलो होतो. मी म्हणालो, “अण्णा, यात केदारनाथ कुठे आहे?” चष्मा पुसत ते म्हणाले, “लिहिलंय की.” मी हसलो. ते हसणे त्यांना लागले असावे. वही पुन्हा बाहेर दिसली नाही. २०१० साली ते गेले, तेव्हा कपाटातल्या कागदांत ती सापडली.

१६ आणि १७ जून २०१३ रोजी केदारनाथावर प्रलय कोसळला. अतिवृष्टी झाली, चोराबारी ताल फुटला, मंदाकिनी दगडधोंड्यांसह खाली आली. हजारो माणसे गेली. मंदिरामागे एक प्रचंड शिळा येऊन अडकली, तिच्यामुळे प्रवाह दुभंगला आणि मंदिर वाचले. तिला आता भीमशिळा म्हणतात. बातम्यांत एक नाव पुन्हा पुन्हा येत होते, रामबाडा. तो पडावच्या पडाव वाहून गेला होता. मी वही काढून पाहिली. ‘चहा दोनदा.’

मी स्वतः गेलो ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. अण्णांच्या वेळची वाट चौदा किलोमीटरांची होती. आता ती रामबाड्यापाशी नदी ओलांडून लिंचोलीवरून जाते आणि लांबली आहे. गौरीकुंडातले त्यांचे कढत पाण्याचे कुंडही पुराने नेलेले. पुलावर उभा राहून मी पलीकडच्या कड्याकडे पाहत राहिलो. दरड कोसळून सोललेल्या उतारावर जुन्या वाटेचे तुकडे दिसत होते. त्यांतल्या कोणत्या तुकड्यावरून ते चालले असतील, हे ठरवायला माझ्यापाशी काही नव्हते. वर्णने मला येत होती. त्यांतले एकही तिथे उपयोगी पडेना.

मंदिर ३५८३ मीटर उंचीवर आहे. दर्शनाच्या रांगेत दर दहा पावलांवर दम लागत होता. माझ्या पुढे नांदेडकडच्या एक आजी होत्या. हातात तुपाची वाटी. मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे बाबा, देवानं बैलाचं रूप घेतलं नि भीमानं त्याला धरलं. देवाच्या अंगाला लागलं ना! म्हणून तूप चोळायचं. आणि मग कवळ घालायची.”

त्रिकोणी शिळेला तूप चोळून आलिंगन देण्याचा हा रिवाज जुना आहे. मला तो माहीत नव्हता. ‘तूप, पावशेर’ ही नोंद मी आजवर शिधा म्हणून वाचत आलो होतो.

अण्णांनी कुणाला मिठी मारलेली मी पाहिली नव्हती. मी पहिला पगार हातात ठेवला, तेव्हाही त्यांनी नोटा मोजून परत दिल्या होत्या. त्या माणसाने इथे एका ओबडधोबड शिळेला दोन्ही हातांनी कवटाळले होते आणि त्याची नोंद तुपाच्या वजनात केली होती. त्या दिवशी गर्दीमुळे आम्हाला गर्भगृहाबाहेरूनच दर्शन मिळाले. आजींची वाटी पुजाऱ्याकडे गेली. माझे हात रिकामेच होते.

यंदा वर्गात गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ शिकवीत होतो. गंगेची कावड वरसईपर्यंत आणून आईवडिलांना स्नान घालणारा हा माणूस दक्षिणेचा हिशोबही देतो, याची एका विद्यार्थिनीला गंमत वाटली. तिला मी वहीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे सर, प्रत्येक हिशोबामागे काहीतरी असतंच?”

नाही, तसे नसते. ‘घोडा केला नाही’ याचा अर्थ बहुधा पैसे वाचवले एवढाच आहे. तिथेही काही खोल शोधू लागलो, तर ते शिखरांपुढे स्तब्ध होण्याइतकेच साचेबंद होईल. मी तिला एवढेच म्हणालो, की लिहिणारा समोर असेल तर हसण्याआधी विचारून घ्यावे. अण्णा बारा-पंधरा वर्षे त्याच घरात होते आणि तूप कशासाठी घेतले, हे मी विचारले नाही.