झुल्याचे पैसे

आमच्या झुल्याला तिकीट नव्हतं. दिवाळी सरली की खाप्याच्या आसपासच्या गावांत मंडई भरायची आणि मंडईच्या एका कडेला लाकडाचा झुला उभा राहायचा. पुण्या-मुंबईकडे त्याला रहाटपाळणा म्हणतात. चार पाळणे, मधे जाडजूड आस आणि हाताने फिरवायला दोन माणसं. चाराणे त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि बसायचं. चकरा किती मिळतील ते त्यांच्या दमावर आणि मागच्या रांगेवर अवलंबून. गर्दी नसली तर दोन जास्त फिरवत. रांग वाढली की, "उतर बे पोट्ट्या, झाले तुहे चाराणे!"

बाबा विणकर. खापा हे विणकरांचंच गाव, कन्हान नदीच्या काठचं. कोष्टीपुऱ्यात घरोघरी खड्डामाग होते आणि धोट्याची खटखट आमच्याआधी उठायची. माय कांड्या भरायची, बाबा पाय खड्ड्यात सोडून विणत बसायचे. मजुरी नगावर. पातळ मागावरून उतरलं तर पैसे, नाही तर नाही. त्यामुळे आमच्या घरात पैसा कापडाने मोजला जायचा. मंडईच्या दिवशी आम्हा तिघा भावंडांना चाराणे-चाराणे मिळायचे, तेव्हा ते किती वीत विणण्याचे आहेत हे बाबा बोलून दाखवत नसत, पण आम्हाला माहीत असायचं. म्हणून आम्ही आधी सगळी मंडई पाहून घ्यायचो. झुला, भिंगरी, गुलाबी साखरेचा बुढ्ढीचा बाल, आणि मगच नाणं हातातून सोडायचो.

माय आमच्याबरोबर यायची. झुल्यात ती कधी बसली नाही. खाली धुळीत, पिशवी मांडीवर घेऊन, मान वर करून बसायची. आमचा पाळणा वर गेला की पदर तोंडाला लावायची आणि खाली आला की हसायची. मंडईतली सगळ्यात जास्त मजा तिनेच घेतली असेल असं मला आज वाटतं. तिच्याकडे कोणी पैसे मागितले नाहीत.

उन्हाळ्यात तर चाराणेही लागत नसत. कन्हान होती. सातपुड्यातून, छिंदवाड्याकडून येणारी ही नदी मे महिन्यात बारीक व्हायची, पण डोहात पाणी असायचं आणि दोन्ही बाजूंना पांढरी स्वच्छ रेती. दुपारभर डुंबायचं, रेतीत अंग तापवायचं, पुन्हा पाण्यात. आता ती रेती राहिली नाही. उपसून उपसून तळाला कुठे किती खोल खड्डे झाले ते पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि कोणतेही शहाणे आईबाप पोराला त्या पाण्यात सोडत नाहीत. पाण्याचा खेळ तिकिटाचा कसा झाला, हे विचारताना हेही सांगायला हवं. फुकटची नदी आम्ही आधी घालवली.

छापील तिकीट मी पहिल्यांदा हातात धरलं ते नागपुरात. बाबा मला बरोबर घेऊन इतवारीच्या बाजारात कापड पोचवायला गेले होते. काम लवकर झालं म्हणून ते मला सेमिनरी हिल्सच्या बालोद्यानात घेऊन गेले. तिथे 'वनबाला' नावाची छोटीशी रेल्वे झाडांमधून फिरायची. बाबांनी एकच तिकीट काढलं, माझं. गाडी सुटली तेव्हा ते रुळाच्या कडेने थोडं चालत आले आणि मग थांबले. ते तिकीट मी खूप दिवस भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं होतं.

पुढे 1989 मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड हा खेळांचा पार्क सुरू झाला आणि दूरदर्शनवरच्या त्याच्या जाहिरातीने गावातली पोरं वेडी झाली. खाप्यात ज्या दोन-चार घरी टीव्ही होता, तिथे ती जाहिरात लागली की सगळे गप्प. मुंबई कुठे आहे हे ज्यांना नकाशात दाखवता आलं नसतं, त्यांना एस्सेल वर्ल्ड मात्र ठाऊक होतं. जाणं होणार नाही हेही त्यांना तेवढंच ठाऊक होतं. नंतर असे पार्क नागपूरच्या चहूबाजूंना झाले. खाप्याहून तासा-दीड तासाच्या वाटेवर आले. अंतर संपलं तेव्हा मला वाटलं, अडचणही संपली.

मी शिक्षक झालो, लग्न झालं, दोन मुलं झाली. मोठ्याचा दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून आम्ही पाच जण एका वॉटर पार्कला गेलो. मायही होती, सत्तरी ओलांडलेली. खिडकीवर मी म्हणालो, "म्हातारी पाण्यात उतरणार नाही, नुसती बसणार आहे." वयाची थोडी सूट मिळाली, पण तिकीट लागलंच. रविवार होता, म्हणून दर इतर दिवसांपेक्षा जास्त. माझी सुट्टी रविवारचीच. बाहेरचं खाणं आत चालत नाही असं सांगितल्यावर मायने पहाटे उठून केलेल्या पोळ्या आणि वांग्याची भाजी गाडीतच राहिली. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा भाजी आंबली होती. आतलं जेवण धरून चार हजारांच्या वर खर्च झाला. माय दिवसभर झाडाखाली आमच्या चपला आणि टॉवेल सांभाळत बसली. परतताना तिने विचारलं, "माहे किती लागले?" मी निम्मेच सांगितले. तरी ती बराच वेळ काही बोलली नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही: हे पैसे रास्त आहेत का?

मी रागाच्या भरात 'नाही' म्हटलं असतं, पण मी विणकराचा मुलगा आहे. वस्तूत किती श्रम गेले ते पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये हे घरात शिकलो. वॉटर पार्कमधलं पाणी दिवसरात्र गाळावं लागतं, त्यात क्लोरीनचं प्रमाण राखावं लागतं, मोटारी सतत चालू ठेवाव्या लागतात. प्रत्येक घसरगुंडीच्या वर एक आणि खाली एक माणूस लागतो, प्रत्येक तलावावर पोहणारा रक्षक लागतो. बरेच मोठे पाळणे परदेशातून येतात आणि त्यांचा बोल्टन्‌बोल्ट रोज सकाळी तपासायला हवा. जिथे हे होत नाही तिथे माणसं मरतात. जत्रेतले झुले तुटल्याच्या बातम्या आपण दर काही दिवसांनी वाचतो. शिवाय आमच्या विदर्भात पाण्याचा धंदा एप्रिल ते जूनचा. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की रांगा, आणि पावसाळा लागला की शुकशुकाट. तीन महिन्यांत बारा महिन्यांचे पगार काढायचे असतात.

वर कर आहे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा अशा पार्कांच्या तिकिटावर 28 टक्के लागला. 25 जानेवारी 2018 पासून तो 18 टक्के झाला. म्हणजे हजाराच्या मूळ दरावर 180 रुपये सरकारचे. सर्कस आणि नाटकाला 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर हा कर नाही, पण पोरांच्या झुल्याला आहे. हे मला पटलेलं नाही.

आणि महाग तिकीट म्हणजे मालकाची चैन, असंही नाही. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 मध्ये मोठ्या थाटात उघडलं, हजार कोटींहून अधिक भांडवल घालून. महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य घराला न परवडणारं तिकीट ठेवूनही कर्ज फिटलं नाही. शेवटी 2022 मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेलं. तेव्हा खेळ महाग आहे, ही गोष्ट मी मान्य करतो. आमचा चाराण्यांचा झुलाही खरं तर स्वस्त नव्हता. त्याची उरलेली किंमत ती दोन माणसं आपल्या खांद्यांनी भरत होती. आम्हाला ते दिसत नव्हतं, एवढंच.

माझं म्हणणं खेळाबद्दल नाही, फाटकाबद्दल आहे.

जगातले कितीतरी पार्क ज्याच्याकडे पाहून उभे राहिले ते कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड. ते 17 जुलै 1955 ला उघडलं तेव्हा त्याचीही रीत आमच्या मंडईसारखीच होती. फाटकावर मोठ्या माणसाला 1 डॉलर, आणि आत ज्या खेळात बसाल त्याचे वेगळे पैसे. पुढे कूपनांची वही आली. 'ए' म्हणजे साधा खेळ, आणि 1959 पासून 'ई' म्हणजे सगळ्यात थरारक. जी आजी नातवाला नुसती पाहायला आली, तिला फाटकाच्या एका डॉलरवर दिवस काढता यायचा. 1982 मध्ये कूपनं बंद झाली आणि फाटकावरच सगळ्याचे एकदम पैसे घेणं सुरू झालं. आज तिथला एका दिवसाचा दर तारखेनुसार साधारण शंभर डॉलरपासून दोनशेच्याही वर जातो. आपल्या पार्कांनी उचलली ती ही नंतरची रीत.

या रीतीच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. आत गेलेल्या पोराला पुन्हा पैसा मोजावा लागत नाही. आम्ही मंडईत हातातलं नाणं घट्ट धरून तासभर फिरायचो. झुला घेतला तर बुढ्ढीचा बाल नाही. ते ठरवताना जीव तुटायचा. माझ्या मुलांनी त्या दिवशी एकच घसरगुंडी अकरा वेळा केली आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच आनंदाने ओरडली. तो आनंद मी नाकारत नाही. पण आमचा जीव तुटायचा तो मंडईच्या आत. चाराणे नसलेलं पोरही तिथे उभं राहून झुला पाहू शकायचं, ओळखीचा पाळणा वर गेला की हाका मारू शकायचं. आता तुटतो तो फाटकाबाहेर, आणि बाहेरून भिंतीशिवाय काही दिसत नाही.

हे मला घरापेक्षा शाळेत जास्त कळलं. दरवर्षी सहलीची यादी करण्याचं काम माझ्याकडे असतं. मुलं वॉटर पार्क म्हणतात. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात बस देते, त्यामुळे प्रवास जमतो. पार्कवालेही शाळांना दर कमी करून देतात, हेही सांगायला हवं. तरी यादी अर्धी राहते. कोणाचे वडील गुमगावच्या मँगनीज खाणीत ठेकेदाराकडे आहेत, कोणाची आई संत्र्याच्या बगीच्यात रोजाने जाते. पोरं "पैसे नाहीत" असं कधी म्हणत नाहीत. "सर, माह्या घरी लगन आहे." "सर, मले पाण्याची भीती वाटते." एका वर्षी ज्याने पाण्याची भीती सांगितली, तो मुलगा वर्गातला सगळ्यात चांगला पोहणारा होता. मी त्याचं नाव कापलं नाही, पैसे मी भरतो म्हणालो. सहलीच्या दिवशी तो बसस्टँडवर आलाच नाही. पुढच्या वर्षीपासून मी वर्गात पैसे गोळा करणं बंद केलं. एकेकाला बाजूला घेऊन विचारतो. पण यादी त्यामुळे भरली नाही.

यंदा आम्ही रामटेकला गेलो. गड चढायला तिकीट नाही, म्हणून सगळी मुलं आली. वरून अंबाळ्याचं तळं पाहिलं, डबे खाल्ले, माकडांनी दोघांच्या पोळ्या नेल्या. मजा आली. पण परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला पार्कचा फलक दिसला आणि बसमधली सगळी डोकी त्या बाजूच्या खिडक्यांकडे वळली. पहाड हा घसरगुंडीचा पर्याय आहे असं त्यांना मी सांगू शकलो नाही, आणि सांगणारही नाही. त्यांना घसरगुंडीच हवी आहे, आणि ती हवी वाटण्यात काही चूक नाही.

म्हणून पार्क चालवणाऱ्यांना विनंती आहे. खेळाचे पैसे घ्या, पुरेपूर घ्या, त्यात माणसांचे पगार आणि पोरांचा जीव आहे. पण जी आजी नुसती झाडाखाली बसणार आहे तिला तशीच आत सोडा, आणि तिच्या हातात डबा असेल तर तोही. आणि पावसाळा संपल्यावर जेव्हा तुमचे तलाव रिकामे असतात, तेव्हा आठवड्यातला एक वार जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या, ज्याला जेवढं जमेल तेवढ्यावर. आमच्या शाळेची यादी मी करून आणतो. त्यात सगळ्यांची नावं असतील.