शस्त्रक्रियागृहातले सोवळे

'एकदा वापरून फेकून द्या' हे आजच्या शस्त्रक्रियागृहाचे सोवळे आहे. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण आजीचा सोवळ्याचा कद वर्षानुवर्षे तोच असे. इथे मात्र पुन्हा वापरलेले म्हणजे उष्टे, आणि कचऱ्याची बादली जितकी भरेल तितका रुग्ण सुरक्षित, अशी समजूत रूढ आहे.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ती खोटी ठरवली. १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ते सुरू केले. तिथे एका दालनात दोन टेबले असतात. एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्याची तयारी होते. उपकरणे निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, थेंबांची एक बाटली अनेकांना पुरवतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागचे कार्बन उत्सर्जन सुमारे ६ किलो भरले. ब्रिटनमधल्या उत्सर्जनाचा हा जेमतेम विसावा हिस्सा. आणि म्हणून तिथे जंतुसंसर्ग वाढला, असे झालेले नाही. मुळात हे सारे पृथ्वीसाठी नव्हतेच. गरिबाला परवडेल अशा खर्चात त्याची दृष्टी परत द्यायची होती.

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी आमच्या डॉक्टरांना मी उरलेल्या थेंबांविषयी विचारले होते. "बाटलीवर 'एकाच रुग्णासाठी' असे छापलेले असते. उद्या कोणी कोर्टात गेले तर?" ते म्हणाले. जंतूंचा उल्लेख त्यांनी केला नाही. हा धाक एकट्या डॉक्टराने झुगारावा, अशी अपेक्षा मला रास्त वाटत नाही; बाटलीवरचा मजकूर आधी बदलायला हवा.