डालग्याखाली

जखमी कोंबडीला औषधाच्या आधी अंधार लागतो. आजीनं हे कधी बोलून दाखवलं नाही. परड्यात कालवा झाला की ती हातातलं टाकून धावायची, पडलेली कोंबडी पदरात घेऊन यायची, सोप्याच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवायची आणि वरून गोणपाट टाकायची. मग आम्हा पोरांना दटावणं, "बघू नगासा तिच्याकडं. तिला आत्ता समदीच मांजरं दिसत्यात."

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. रान घराच्या पाठीला टेकलेलं. दिवसा मुंगूस, रात्री रानमांजर, आणि पिल्लं फिरायला लागली की वर घार. कुणी घाला घातला ते मागे उरलेल्या खुणांवरून आजीला कळायचं. घारीनं नेलेल्या पिल्लाची काही खूणच राहत नाही. मुंगूस मानेला धरतं. कुत्र्यानं धरलेल्या कोंबडीची पिसं परडंभर उधळलेली असतात. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून रात्री खुराड्यात जनावर शिरलं तरी ती पळत नाही, जागच्या जागी बसून राहते. ज्या अंधारात तिच्यावर घाला पडतो, तोच अंधार नंतर तिला शांत करतो, याचं मला आजही नवल वाटतं.

आजीचं डालगं बांबूच्या कांब्यांचं होतं. घुमटासारखं, वर हात जाईल एवढं तोंड असलेलं. कांब्यांमध्ये बोटं शिरतील एवढ्या फटी. पहिले दोन दिवस त्यावर गोणपाट असायचं, मग ती ते एका बाजूनं वर सरकवायची. आत बसलेलीला बाकीच्या दिसायच्या, त्यांचं कुडकुडणं ऐकू यायचं, पण त्यांची चोच पोचायची नाही. हे फार महत्त्वाचं. रक्त दिसलं की सोबतिणीच टोचा मारायला लागतात, आणि एकदा सुरुवात झाली की थांबत नाहीत. म्हणून जखमीला वेगळं ठेवावंच लागतं. पण अगदी दूर नेऊन ठेवली तर ती खाणं सोडते. कोंबडी कळपातला जीव आहे. एकटी पण ऐकू येण्याच्या अंतरावर, अशी जागा डालग्याइतकी दुसऱ्या कशात मिळत नाही.

याच डालग्याची एक जुनी गोष्ट आजी सांगायची. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, कोयनेचा भूकंप. आमच्या घराची एक भिंत तेवढी फाकली, छप्पर उभं होतं. तरी पुढे कितीतरी रात्री कुणी आत झोपायला गेलं नाही. भुई मधूनमधून हलतच होती. खळ्यात शेकोट्या करून, वाकळा पांघरून सगळे बाहेर. कोंबड्याही खुराड्यात जाईनात. दिवस मावळला की दारापर्यंत यायच्या, मान आत घालायच्या आणि मागे फिरायच्या. शेवटी आजीनं शेजाऱ्यांकडून आणखी डालगी मागून आणली आणि माणसांच्या अंथरुणांशेजारी कोंबड्या झाकल्या. "त्येंचं काय चुकलं?" ती म्हणायची, "आमी तरी कुटं आत जात होतो?" थंडी वाढली तशी माणसं हळूहळू घरात गेली. त्यानंतर कोंबड्याही गेल्या. तिनं त्यांना कधी ढकलून आत कोंडलं नाही, हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान असायचा.

लग्नानंतर पुण्यात राहिले. फ्लॅटमध्ये कोंबड्या कुठल्या? आजी गेल्यावर ते डालगं मी घेऊन आले. आई म्हणाली, भांडी माग, दागिना माग, हे काय मागतेस? माळ्यावर ते वर्षानुवर्षं पालथं पडून होतं. संक्रांतीच्या दिवसांत मांजानं पंख कापलेलं कबूतर मुलीनं उचलून आणलं, तेव्हा ते खाली उतरलं. रात्र काढून ते कबूतर पक्ष्यांच्या दवाखान्यात गेलं. पुन्हा माळा.

आता नोकरी संपवून गावी परतले आहे आणि परड्यात गावरान कोंबड्या आहेत. गेल्या पावसाळ्यात रानमांजर कौल सरकवून खुराड्यात उतरलं. दोन कोंबड्या मेल्या, एक नेली. ठिपकी कोंबडी कोपऱ्यात जिवंत सापडली, पाठीवरची कातडी हातभर लोंबतेय असं वाटावं इतकी फाटलेली. पाय गार. कोंबडीच्या अंगाची ऊब माणसापेक्षा जास्त, ४१ अंशांच्या आसपास. धक्क्यानं ती उतरते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डालग्यात ठेवली, शेजारी ती, वर गोणपाट. ती उबेला येईपर्यंत जखमेला हात लावला नाही.

मग पशुवैद्यक डॉक्टर आले. पाठीची मोठी जखम बघून माझा जीव गोळा झाला होता, पण त्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. ते पिसांवर फुंकर मारून मारून खालची कातडी बघत होते. मांडीजवळ सुळ्यांची दोन बारीक भोकं सापडली, तेव्हा म्हणाले, "खरी भीती ह्यांची." फाटलेली कातडी कोंबडीत आश्चर्य वाटावं इतकी लवकर भरून येते. मांजराच्या तोंडातले जंतू मात्र त्या बारीक भोकातून खोल जातात आणि वरून काही दिसत नाही. त्यासाठी प्रतिजैविक हवंच, आणि ते चालू असताना नि नंतरही डॉक्टर सांगतील तोवर तिचं अंडं खायचं नाही. पाठीत एके ठिकाणी फुगवटा होता, दाबला की बोटाखाली कुरकुरायचा. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. त्यातल्या एकीला दात लागून हवा कातडीखाली आली होती. ती हळूहळू जिरली.

आजी जखमेवर दगडी पाल्याचा रस पिळायची, वर हळद. मी कोमट मिठाच्या पाण्यानं धुतलं आणि डॉक्टरांचं जांभळं औषध लावलं. त्या रंगानं लाल दिसेनासं होतं, हाही फायदा. पावसाळ्यात सगळ्यात मोठी धास्ती माशांची. हिरवी माशी बसली की जखमेत अळ्या पडतात, म्हणून डालग्यावर जुनी मच्छरदाणी आणि सकाळ-संध्याकाळ पिसं उकलून बघणं. गुरांच्या जखमेतल्या अळ्यांवर लोक डांबरगोळीची पूड टाकतात, ती कोंबडीसारख्या लहान जिवाला विषारी आहे. पाणी पाजायचं तेही चोचीत ओतून नाही. श्वासाचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी थेट आत जातं. गुळाचं पाणी वाटीत घेऊन चोचीचं टोक बुडवलं की ती स्वतः मान वर करून गिळते. तिनं पहिल्यांदा आपणहून मान वर केली तेव्हा मी मोठ्यानं हाका मारून घरातल्यांना बोलावलं.

पाठ भरून आली, काळ्या-निळ्या पेनांसारखी नवी पिसं फुटली. डालगं काढलं आणि खरा प्रश्न तिथून सुरू झाला. नॉर्वेचा थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत असे. कोण कुणाला टोचते याची प्रत्येक कळपात ठरलेली उतरंड असते, हे त्यानं १९२२ साली प्रसिद्ध केलं. परड्यातल्या कुणालाही हे ठाऊक असतं, पण एका मुलानं ते वर्षानुवर्षं टिपून ठेवलं याचं मला कौतुक आहे. ठिपकी आधी वरच्या पायरीवर होती. डालग्याच्या फटींमुळे ओळख टिकली, कुणी तिच्यावर तुटून पडलं नाही. पण तिची जागा मात्र गेली. कालच्या तलंगाही आता तिला दाण्यावरून हुसकतात.

आणि ती खुराड्यात जात नाही. कौलांच्या जागी पत्रा घातला, मुंगसाचंही तोंड जाणार नाही अशी बारीक, जाड तारेची जाळी सगळीकडून ठोकली, दार नव्या बाजूला काढलं. तरी सांजेला ती उंबऱ्यापर्यंत जाते आणि मागे फिरते. कोंबडा पानाच्या सळसळीलाही ओरडतो, की ही जमिनीला चिकटते. मी तिला उचलून आत टाकत नाही. सोप्यात डालगं पालथं घालते, ती त्याखाली शिरते.

परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, अंडं नाही, काही नाही. किती दिवस हिला राखणार? पाव्हणं आलं की काप."

"काकू, हिला नाही कापायची."

"मग काय करणार?"

"दाणे वेगळे टाकते पलीकडं, म्हणजे तलंगा येत नाहीत. आणि खुराड्यात खाली, वितीवर, एक जादा दांडी ठोकायचीय. उंच उडताना तिची पाठ ओढते. घरातला हातोडा मोडलाय, तुमचा देता का?"