वस्तीची पाणंद

आमची वस्ती रहिमतपूरच्या बाहेर, मळ्यात. बाजार, दवाखाना, एसटी सगळं रहिमतपुरात, पण नगरपालिकेची हद्द आमच्या अलीकडेच संपते. ग्रामपंचायत ओढ्यापलीकडच्या गावाची, तहसील कोरेगावला. वस्तीला ना स्वतःचा सरपंच, ना गावठाण. एरवी त्यावाचून काही अडत नाही. पाणंद बंद झाली तेव्हा अडलं.

दिवाळीनंतर वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाणंद नांगरली आणि तार ओढली. दुधाची गाडी यायची बंद झाली. आल्याची पोती डांबरीपर्यंत डोक्यावरून न्यायला लागली. ऊस तोडीला आलेला, ट्रॅक्टर आत येणार कुठून, या काळजीनं झोप लागेना.

ग्रामपंचायतीत उत्तर मिळालं, हा रस्ता आमच्या नोंदीला नाही. भावकीतले म्हणाले, बसून मिटवू. बसलो, चहा झाला, तार तशीच राहिली.

वाट दाखवली ती तलाठ्यांनी. म्हणाले, भूमी अभिलेखमधून गावचा नकाशा काढा. नकाशात आमची पाणंद दुबार तुटक रेषेने दाखवलेली निघाली. जीव भांड्यात पडला.

पुढचं कोरेगावच्या वकिलांनी समजावलं. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा करायचा, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुळात रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. दोन्हींची गल्लत झाली की तारखांवर तारखा पडतात. आणि ‘बसून मिटवू’ म्हणत सहा महिने कधी सरतात, कळतही नाही.

दाव्याला नकाशा, सातबारे, दूधगाडी पाणंदीत उभी असलेले जुने फोटो जोडले. स्थळपाहणीला वस्तीतली म्हातारी माणसं आली, हे फार उपयोगी पडलं. बैलगाडी कुठून वळायची ते त्यांनी चालून दाखवलं. पंचनामा झाला, निकाल आमच्या बाजूने लागला. समोरचा अपिलाची भाषा करत होता. या कायद्यात अपील नाही, पुनरीक्षण आहे, हे वकिलांनी सांगितल्यावर मला जरा धीर आला.

तार निघाली, ऊस उशिरा का होईना गेला. त्या घरी अजून बोलणं नाही. लग्नात समोरासमोर आलो की दोघंही मान वळवतो. आता मुरमासाठी ग्रामसभेत अर्ज दिलाय. सोबत निकालाची प्रत जोडली, त्यामुळे नोंद नाही असं कुणी म्हणालं नाही.