स्कूबाला जाताय? आधी सर्दी बरी होऊ द्या

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. मीही लहानपणी वैनगंगेत पोहलोय, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. म्हणूनच मालवणला स्कूबा डायव्हिंग करताना सर्दी असल्याचं मी प्रशिक्षकाला सांगितलंच नाही. एवढ्या लांब येऊन परत कोण फिरणार?

दोन-तीन मीटर खाली जाताच उजव्या कानात जोरात कळ आली. खूण करून वर आलो, तरी आठवडाभर कानाला दडे बसलेले होते. डॉक्टर असून ही चूक केली!

असं का होतं? दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. नाक दाबून हळूच फुंकलं की घशाकडून नळीवाटे मधल्या कानात हवा जाते आणि दाब सारखा होतो. सर्दीत ही नळी सुजते. मग पडदा आत दाबला जातो, कधी फाटतोही.

पावसाळ्यात तिथे डायव्हिंग बंद असतं. हिवाळ्यात पाणी नितळ, पण आपल्याकडे सर्दीचे दिवसही तेच! म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• सर्दी असेल तर पाण्यात उतरू नका.
• दमा, फिट, हृदयविकार किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
• पाण्याखाली श्वास रोखू नका.
• गोव्याहून नागपूरला विमानाने परतणार असाल, तर एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाइव्ह केल्यास 18 तास थांबा.

भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्या. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच असेल.